मिठाच्या पाण्यातलं लोणचं एका खेपेला करकरीत, दुसऱ्या खेपेला लिबलिबीत: बिघडतं कुठे?

तक्रार साधारण एकाच साच्यातली असते. मागच्या खेपेला काकडी सुरेख आंबली होती. या खेपेला तीच बरणी, तेच मीठ, तेवढंच पाणी, तरी पाचव्या दिवशी काकडी बोटानं दाबली की दबते आणि वर पांढरा पापुद्रा धरलेला असतो. पुढच्या वेळी भीतीपोटी मीठ वाढवलं जातं, तेव्हा लोणचं इतकं खारट होतं की आंबतच नाही. मग पुन्हा मीठ कमी. हा झोका थांबवायचा असेल तर आधी 'तेच मीठ, तेवढंच पाणी' या वाक्यावर शंका घ्यावी. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

इथे विषय फक्त मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या भाज्यांचा आहे. व्हिनेगर ओतून केलेल्या लोणच्यात आंबटपणा बाटलीतून येतो. यात तो जिवाणूंनी बरणीतच तयार करायचा असतो, त्यामुळे दोन्हींचे नियम वेगळे. बरणीतल्या पाण्याला पुढे सगळीकडे खार म्हटलं आहे.

मीठ पाण्याच्या नव्हे, बरणीच्या हिशेबानं

'३ टक्क्यांचं मीठपाणी' म्हणजे ५०० ग्रॅम पाण्यात १५ ग्रॅम मीठ, असा हिशेब सर्रास केला जातो. त्यात काकडी धरलेलीच नसते. काकडीचा जवळपास ९५ टक्के भाग पाणीच आहे. मीठ आत शिरतं, आतलं पाणी बाहेर येतं, आणि काही दिवसांत आतबाहेर सारखाच खारटपणा होतो. ७०० ग्रॅम काकडीवर हे ५०० ग्रॅम पाणी ओतलं, तर १५ ग्रॅम मीठ एकूण १२०० ग्रॅममध्ये वाटलं जातं. हातात उरतो सव्वा टक्का. त्याच बरणीत काकड्या सैल भरल्या, म्हणजे ४०० ग्रॅम काकडी आणि ८०० ग्रॅम पाणी, तर त्याच ३ टक्क्यांच्या पाण्यातून २४ ग्रॅम मीठ जातं आणि शेवटी २ टक्के उरतात. पाणी करताना दोन्ही वेळा काहीच बदललं नाही, पण बरण्या दोन वेगळ्या झाल्या. ठासून भरलेली बरणी मऊ पडते आणि सैल भरलेली टिकते, याचं कोडं बरेचदा एवढंच असतं.

म्हणून रिकामी बरणी काट्यावर ठेवून काटा शून्य करा. भाजी भरा, भाजी बुडेपर्यंत पाणी ओता आणि एकूण वजन पाहा. १२०० ग्रॅम भरलं आणि ३ टक्के हवे असतील तर ३६ ग्रॅम मीठ. आता ते पाणी एका भांड्यात ओतून घ्या, त्यात हे मीठ पूर्ण विरघळवा आणि परत बरणीत ओता. पाणी चवीला पहिल्या दिवशी फार खारट लागेल. लागू द्या, तीन-चार दिवसांत ते मीठ काकडीत गेलेलं असतं.

अख्ख्या काकडीला एकूण वजनाच्या ३ ते ३.५ टक्के मीठ ठेवावं. गाजर, फ्लॉवर, मुळा, शेंगा यांच्या तुकड्यांना २.५ ते ३ पुरतात. बारीक चिरलेल्या कोबीला वरून पाणी घालायचंच नसतं. कोबीच्या वजनाच्या २ ते २.२५ टक्के मीठ चोळून त्याचंच पाणी सोडवायचं. मिरचीवर बुरशी लवकर धरते, तिला साडेतीन ते पाच. खोलीत उकाडा असेल तर यात अर्धा टक्का वाढवायला हरकत नाही. पण ५ टक्क्यांच्या पुढे आंबणं जाणवण्याइतकं मंदावतं आणि ८-१० टक्क्यांशी ते रेंगाळतच राहतं. मीठ वाढवलं की लोणचं जास्त सुरक्षित, ही समजूत म्हणूनच अर्धवट आहे. लोणचं टिकतं ते आम्लामुळे. मिठाचं काम आम्ल तयार होईपर्यंत इतर जिवाणूंना मागे रोखून धरण्याचं आणि भाजी मऊ करणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) आवर घालण्याचं.

चमच्यानं मीठ मोजणं सोडून द्या. चहाच्या चमच्यात बारीक मीठ सुमारे ६ ग्रॅम बसतं, आणि पोकळ पापुद्र्यांचं मीठ त्याच चमच्यात निम्मंही बसत नाही. एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. मिठाची जातही बघून घ्या: गुठळ्या होऊ नयेत म्हणून ज्यात पावडर मिसळलेली असते, त्या मिठानं खार गढूळ होतो. त्यानं लोणचं बिघडत नाही, पण गढूळपणावरून आंबण्याचा अंदाज घ्यायची सोय मात्र जाते.

मऊ पडली, पण केव्हा आणि कुठे?

सगळ्या मऊ काकड्यांना एकच कारण नसतं. कारण शोधायचं तर दोन प्रश्न विचारायचे: कोणत्या दिवशी मऊ पडली आणि कोणता भाग मऊ पडला.

पहिल्या तीन-चार दिवसांतच सगळी बरणी ढिली पडली असेल, तर मीठ कमी होतं किंवा खोली फार गरम होती. आंबण्याला १८ ते २२ अंश सेल्सिअस सगळ्यात मानवतं. सुरुवातीला ल्युकोनोस्टॉक मेसेन्टेरॉइड्स हा जिवाणू पुढे असतो. तो आम्लाबरोबर भरपूर कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि बरणीतली हवा हाकलतो. आम्ल वाढलं की तो मागे पडतो आणि लॅक्टोबॅसिलस प्लांटारम सूत्रं घेतो. (२०२० साली या जिवाणूचं नाव बदलून लॅक्टिप्लांटीबॅसिलस प्लांटारम केलं गेलं, पण जुनं नाव अजून सगळीकडे चालतं.) उकाड्यात पहिला टप्पा घाईत उरकला जातो. आंबटपणा येतो, पण चव एकसुरी राहते आणि विकरांचं काम मात्र जोरात चालतं. २८-३० अंशांची खोली असेल तर बरणी पाण्याच्या परातीत ठेवून भोवती ओलं फडकं गुंडाळा. बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात. खार स्पष्ट आंबट झाला की, म्हणजे या उकाड्यात तीन ते पाच दिवसांत, बरणी फ्रीजमध्ये हलवा. उरलेलं आंबणं तिथे सावकाश होतं.

दुसरी तऱ्हा: काकडीचं एकच टोक मऊ. हे देठाच्या विरुद्ध बाजूचं, जिथे फूल होतं ते टोक. तिथे वाळलेल्या फुलाचा अंश आणि त्यावरची सूक्ष्म बुरशी राहते, आणि तिच्यात पेक्टिन तोडणारी विकरं असतात. पेक्टिन म्हणजे भाजीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा डिंक. तो सुटला की काकडी ढिली पडते. हे टोक दोन मिलिमीटर तरी कापून टाका. कोणतं टोक ते कळत नसेल तर दोन्ही कापा, काही बिघडत नाही. इतक्या कमी मेहनतीत इतका फरक पाडणारं दुसरं काम या सगळ्या कृतीत नाही, आणि नेमकं तेच वगळलं जातं.

काकडी बाहेरून टणक पण आत पोकळ निघाली, तर ती तोडल्यावर फार वेळ पडून राहिली होती, किंवा आंबताना आत वायू साठला. तोडल्यापासून २४ तासांच्या आत बरणीत गेलेली काकडी सर्वांत चांगली. धुताना पाण्यावर तरंगणारी काकडी बहुधा आतून पोकळच असते. ती बाजूला काढून कोशिंबिरीत वापरा. थोडी मलूल झालेली काकडी बर्फाच्या पाण्यात एक-दोन तास ठेवली तर बराच ताठरपणा परत येतो. मोठी, बी धरलेली काकडी मात्र मधून मऊच होणार, तिला इलाज नाही. आणि मेणाचा थर दिलेली काकडी घेऊच नका, मीठ आत शिरत नाही.

तिसरी तऱ्हा म्हणजे पहिले दोन आठवडे सगळं ठीक आणि मग फक्त वरच्या थरातल्या काकड्या मऊ. हा दोष मिठाचा नाही, वर वाढलेल्या यीस्टचा आणि बुरशीचा आहे. त्याचं पुढे बघू.

करकरीतपणासाठी द्राक्षाचं पान किंवा चिमूटभर चहापत्ती घालतात. त्यातल्या टॅनिनमुळे मऊ करणारी विकरं काहीशी थोपतात, हे खरं. पण पान टाकून शिळी काकडी ताजी होत नाही. खाण्यायोग्य प्रतीचं कॅल्शियम क्लोराइड जास्त भरवशाचं. बरणीच्या एकूण वजनाच्या ०.१ ते ०.२ टक्के, म्हणजे १२०० ग्रॅमला १.२ ते २.४ ग्रॅम, याहून जास्त घातलं तर कडवट लागतं. इतकं बारीक वजन घरच्या काट्यावर नीट येत नाही, म्हणून १० ग्रॅम ९० ग्रॅम पाण्यात विरघळवून ठेवा आणि त्यातलं १२ ते २४ ग्रॅम पाणी वापरा. त्याऐवजी चुना वापरू नका. चुना आम्लाला मारतो, आणि इथे तर आम्लावरच सगळं उभं आहे.

वरचा पांढरा पापुद्रा

हा सर्वांत चिवट पाहुणा. आधी ओळख पटवून घ्या. सपाट, मळकट पांढरा किंवा सायीसारखा, सुरकुत्या पडणारा, केस नसलेला थर म्हणजे यीस्ट. केसाळ, उभारलेला, हिरवा, निळा, काळा असा काही ठिपका असेल तर ती बुरशी. यीस्टच्या थरानं कुणी आजारी पडत नाही, पण त्याला राहू देणं चुकीचं. हे यीस्ट हवेच्या मदतीनं लॅक्टिक आम्ल खातं. आम्ल कमी झालं की पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) वर सरकतो आणि बुरशीला, कुजवणाऱ्या जिवाणूंना जागा मिळते. वरच्या काकड्या मऊ पडतात त्या यातूनच.

थर दिसला की चमच्यानं अलगद उचला, उरलेला कागदी रुमालानं टिपा, बरणीचा गळा व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्यानं पुसा, भाजी दाबून ठेवणारं वजन उकळत्या पाण्यातून काढून परत ठेवा. पण काढत राहणं हा उपाय नव्हे. तो पुन्हापुन्हा का येतो ते पाहिलं पाहिजे, आणि उत्तर एका शब्दात हवा.

पहिल्या आठवड्यात बरणीतून भरपूर वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असल्यानं खाराच्या वर पांघरुणासारखा बसतो. झाकण उघडून रोज आत डोकावलं की ते पांघरूण उडतं. सुरुवातीला तोटा भरून निघतो, कारण नवा वायू तयार होतच असतो. दहा-बारा दिवसांनी वायू थांबतो आणि त्यानंतरची प्रत्येक उघडझाप थेट यीस्टला आमंत्रण देते. म्हणजे सुरुवातीला बघायचा मोह झाला तर चालेल, नंतर हात आवरा. दादरा बांधलेल्या बरणीत तर हवा सतत ये-जा करते, तिथे थर येणार हे धरूनच चालायचं आणि रोज काढायचा. छोट्या काचेच्या बरणीला पाण्याची नळी असलेलं एकमार्गी झाकण उत्तम. ते नसेल तर फिरकीचं झाकण लावून पाव फेरा सैल सोडा. गच्च लावलंत तर पहिले पाच-सहा दिवस रोज क्षणभर सैल करून वायू सोडायलाच हवा, नाहीतर झाकण उडतं, क्वचित काचही तडकते.

वरची मोकळी जागा ४-५ सेंटिमीटर ठेवा. कमी ठेवली तर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी खार उतू जातो. (खाली ताटली ठेवाच.) आणि इथेच एक फसवी गोष्ट घडते: भाजीत अडकलेले बुडबुडे खार वर ढकलतात, बाहेर सांडतो, मग वायू ओसरला की पातळी खाली बसते आणि वरच्या काकड्या उघड्या पडतात. पहिल्या दिवशी बोटभर खार वर होता म्हणून निश्चिंत राहिलेली बरणी आठव्या दिवशी अशी कोरडी दिसते. तेव्हा साधं पाणी ओतू नका. ज्या टक्क्याची बरणी, त्याच टक्क्याचं मीठपाणी ओता: ३ टक्के असेल तर १०० ग्रॅम पाण्यात ३ ग्रॅम मीठ.

भाजी दाबायला काचेची चकती चांगली. जाड पिशवीत पाणी भरूनही दाबता येतं, पण त्या पिशवीतही मीठपाणीच भरा, म्हणजे ती फुटली तरी खार पातळ होत नाही. संगमरवर किंवा चुनखडीचा दगड आम्लात झिजतो, आणि साधा धातू गंजतो. मोहरी, मिरी, बडीशेप असले दाणे तरंगतात आणि प्रत्येक तरंगता दाणा बुरशीचं बेट होतो. मसाला तळाशी, त्यावर भाजी, त्यावर कोबीचं एक अख्खं पान आणि त्यावर वजन, असा क्रम ठेवलात तर निम्मा त्रास तिथेच संपतो.

बरणी गप्प आहे

बुडबुडे नाहीत म्हणजे आंबत नाही, असं लगेच ठरवू नका. झाकणातून वायू गुपचूप निसटत असेल तर काहीच दिसत नाही. खार धुरकट झाला का आणि वास आंबूस झाला का, ते बघा. २०-२२ अंशांत तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत दोन्ही व्हायला हवं. झालं नाही तर कारणं मोजकीच: खोली १५ अंशांच्या खाली, मीठ फार, भाजी आधी वाफवलेली किंवा जंतुनाशकानं धुतलेली, नाहीतर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. पाणी उकळून गार केलं की क्लोरीन जातं. क्लोरामाइन मात्र उकळूनही सहज जात नाही, तिथे कार्बन फिल्टर लागतो. थंडीमुळे अडलं असेल तर बरणी ऊबदार कोपऱ्यात हलवा, एक-दोन दिवसांत जाग येते.

जुन्या बरणीतला खार विरजणासारखा घालण्याची गरज नाही. ताज्या भाजीवर लागणारे जिवाणू असतातच. जुन्या खारात आंबटपणा आधीच असल्यामुळे ल्युकोनोस्टॉकचा पहिला टप्पा हुकतो आणि चवीतला सुगंधी भाग त्याच्याबरोबर जातो.

पीएचची पट्टी

एवढ्या खर्चात मिळणारा दुसरा भरवसा नाही. १ ते १४ दाखवणारी पट्टी इथे निरुपयोगी. ३ ते ५ च्या आसपास अर्ध्या किंवा त्याहून लहान टप्प्यांत रंग दाखवणारी घ्या. ४.६ ही रेषा लक्षात ठेवा, त्याखाली बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जिवाणू वाढत नाही. चांगली आंबलेली बरणी ४ च्याही खाली जाते, कोबी तर साधारण ३.४ ते ३.८ पर्यंत. खार आधी आंबट होतो आणि अख्ख्या काकडीचा गाभा मागाहून, म्हणून एक काकडी मधून कापून गाभा ठेचून त्याच्या रसावरही पट्टी लावून बघा. सामान्य तापमानात आठवडा उलटूनही आकडा ४.६ च्या वरच असेल, तर चव न बघता बरणी रिकामी करा.

खार तारेसारखा ताणला जातो

गाजर, बीट किंवा साखर घातलेल्या बरणीत चौथ्या-पाचव्या दिवशी खार चमच्यातून तार धरतो. ल्युकोनोस्टॉक साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतो, तो हा. उकाड्यात जास्त. वास स्वच्छ आंबट असेल तर बरणी थंड जागी ठेवून आठवडा-दोन आठवडे थांबा, पुढचे जिवाणू वरचढ झाले की खार बहुतेक वेळा पुन्हा पातळ होतो. पुढच्या वेळी साखर घालू नका. खाराऐवजी भाजीच बुळबुळीत आणि वास घाणेरडा असेल, तर तो मामला वेगळा आणि तो पुढच्या परिच्छेदातला.

ठेवायचं की फेकायचं

गढूळ खार, तळाशी साचलेला पांढरा गाळ (मेलेले जिवाणू आणि यीस्ट), हिरवट-निळा पडलेला लसूण, हिरव्याची शेवाळी झालेली काकडी, हे सगळं ठीक. लसणाचा निळा रंग त्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांचा आम्लात रंग बदलल्यामुळे येतो. कोबीला पहिले काही दिवस उग्र वास येतो, तोही जातो. कोबीच्या वर आलेला तपकिरी थर हवेमुळे. तेवढा काढून टाका.

केसाळ बुरशी, कुजका किंवा खवट लोण्यासारखा वास, भाजीचा चिखल, किंवा बीट घातलेलं नसताना पांढऱ्या कोबीवर आलेला गुलाबी रंग, हे दिसलं की पूर्ण बरणी फेका. वरचा ठिपका काढून खालचं खाऊ नका, धागे खोलवर गेलेले असतात. गुलाबी रंगाचं कारण बहुधा मीठ फार झालं किंवा एकाच जागी साचलं हे असतं. तिथे गुलाबी यीस्ट जोर धरतं. कोबी मोठ्या परातीत पसरून मीठ दोन्ही हातांनी पाच-सात मिनिटं चोळलं की ते एका जागी राहत नाही.

फेकलेल्या बरणीनंतर काच धुतली जाते, पण झाकणातली रबराची चकती तशीच राहते आणि पुढच्या खेपेची बुरशी तिथूनच येते. चकती काढून वेगळी धुवा, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, पूर्ण वाळवा. तिला वास धरलेला असेल तर नवी घ्या. आणि बरणीवर चिठ्ठी चिकटवताना तारखेबरोबर एकूण वजन, मिठाचे ग्रॅम आणि खोलीचं तापमानही लिहा.